भाषाविषयक सहाय्य

मी आजवर केलेल्या सगळ्यांत हलक्या कामाला सरकारी पत्रात 'भाषाविषयक सहाय्य' असं नाव होतं. पत्र एप्रिलच्या शेवटी आलं. परीक्षा संपल्या होत्या, मी निकालपत्रकं भरत बसले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाईला असल्या पत्रांचं नवल उरलेलं नसतं. मी मतदार मोजलेत, संडास मोजलेत, एकदा गावातली बदकंही मोजलीत. सुट्टीतले तीन आठवडे पालघरला येऊन 'किनारपट्टीतील बोलीचे प्रमाण मराठीत लेखन' करायचं आहे हे वाचून मी तर खूष झाले. मला वाटलं, कुणाला तरी लोकगीतं जमवायची असणार. पहिल्या दिवशी मी लग्नातल्या गाण्यांची माझी जुनी वही पिशवीत घालून गेले. इतकी मी शहाणी.

माझं माहेर चिकूच्या वाडीतलं आणि सासर बोईसरचं. कोळीवाड्याची बोली काही माझी नव्हे. पण तिथल्या शाळेत अठरा वर्षं शिकवल्यावर ती कानात बसली होती. 'नाय' आणि 'हाय' खोडून 'नाही' आणि 'आहे' लिहायला लावण्यात माझी निम्मी नोकरी गेली.

पालघर पूर्वेला एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट होता. दारावर पाटी नव्हती. आत एक साहेब, एक पन्नाशीचे हवालदार, दोन संगणक आणि कानाला लावायची यंत्रं. साहेब घाटावरचे. बोलायला मऊ, सदरा कडक इस्त्रीचा. मी डबा उघडला की उठून खिडकी उघडायचे, कारण डब्यात मासे. ज्या लोकांच्या आयुष्यात हा माणूस डोकं घालून बसला होता, त्यांच्या जेवणाचा वासही त्याला सोसत नव्हता.

"तुम्ही फक्त ऐकायचं आणि लिहायचं," ते म्हणाले. "अर्थ आम्ही लावू."

मी कानाला यंत्र लावलं. एक बाई आपल्या बहिणीला विचारत होती, बोंबील सुकले का. पलीकडची म्हणाली, वारा पडलाय, अजून ओलेच हाईत. मग दोघी कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलल्या. एखाद्याच्या मोरीचं दार चुकून उघडावं तसं मला झालं. मी यंत्र काढून साहेबांना म्हटलं, "ह्याला परवानगी वगैरे असते ना?"

"वरून आहे."

"वरून म्हणजे?"

"बाई, तुमच्या वर्गात मुलांना एवढे प्रश्न विचारू देता का?"

मी हसले. खरंच हसले. आणि पुन्हा कानाला लावलं. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

किनाऱ्यावर एक प्रकल्प येणार होता. कुठला ते सांगत नाही. आमच्या किनाऱ्यावर सतत काही ना काही येणारच असतं आणि त्यानं कोळ्यांचं कल्याणच होणार असतं. त्याच्या सुनावणीला एका मासेवालीनं माईक हातात घेऊन मंचावरच्या अधिकाऱ्याला विचारलं होतं, "सायेब, पापलेट किनाऱ्याला कवा येतं, सांगा बघू." अधिकाऱ्याला सांगता आलं नाही. मांडवभर लोक हसले. एवढ्या अपराधासाठी तिचा फोन कानावर घेतला होता. बायकांच्या मोबाईलवरच्या ग्रुपमधलंच कुणीतरी तिथले मेसेजही पुरवत होतं. त्यांचा छापील गठ्ठा टेबलावर होता. पानोपानी गुलाब, समया, उगवता सूर्य आणि 'शुभ सकाळ'. साहेबांनी प्रत्येक पानावर सही केली होती.

तिसऱ्या कॉलला मी तो आवाज ओळखला. बोईसरच्या बाजारात मी जिच्याकडून मासे घेत असे, तीच ही. तिच्या मुलीला मी वाचायला शिकवलं होतं. मुलगी आता कुंभवलीच्या बाजूला एका कारखान्यात पॅकिंगला होती आणि तिचं लग्न ठरलं होतं. मी तिथल्या तिथे उठून सांगू शकले असते, ही बाई माझ्या ओळखीची आहे, मला जमणार नाही. ते बाजूलाच राहिलं. ओळखीचा आवाज निघाला म्हणून मला थोडी मजाच वाटली. बसल्या जागी गावच्या बातम्या कळत होत्या. हे लिहिताना हात जड होतो, पण होतं ते असं होतं.

साहेबांच्या हुशारीचा पहिला नमुना लवकरच दिसला. ती फोनवर म्हणाली होती, "परवा दहा जनी उमरोळीला उतरू. टेम्पो सांगून ठेव. झेंडू घेऊन ये." मी खाली स्वच्छ लिहिलं, नात्यातल्या हळदीला जाणार आहेत. साहेबांनी 'हळद' या शब्दाखाली लाल रेघ मारली.

"हे निमित्त असतं, बाई. झेंडू म्हणजे काय असेल?"

"झेंडू."

त्यांनी माझ्याकडे ढ विद्यार्थ्याकडे बघावं तसं बघितलं. त्या दिवशी उमरोळी स्टेशनाबाहेर पोलिसांची गाडी उभी राहिली. दहा बायका झेंडूच्या माळा, नारळ आणि खणांच्या पिशव्या घेऊन उतरल्या. पोलिसांनी टेम्पोच्या मागे जाऊन मांडव गाठला आणि यजमानांनी आग्रह केला म्हणून जेवूनही घेतलं. दुसऱ्या दिवशी हवालदार मला म्हणाले, "वडे चांगले होते." अहवालात मात्र लिहिलं गेलं, 'हालचाल वेळीच रोखली.'

यावर मी घरी नवऱ्यापाशी हसले. सरकार एवढं बावळट असेल तर त्याच्यापासून कुणाला काय धोका, असं मला वाटलं. बावळट माणसाच्या हातात सत्ता असते तेव्हा तो बावळट राहून काय काय करू शकतो, हे कळायला मला आणखी एक आठवडा लागला.

दुसऱ्या आठवड्यातला तो कॉल दुपारचा होता. बहिणीनंच केला होता. बहीण डहाणूच्या बाजूला एका बंदरावर दिलेली. इकडचं तिकडचं झाल्यावर तिनं आवाज उतरवला.

"उरातली अजून हाय का गं?"

"हाय. सुपारीएवडी झाली."

"कोनाला सांगितलंस?"

"कोनाला नाय. तू पन तोंड उघडू नको. पोरीचं लगीन होऊ दे, मग काडून टाकू."

मी लिहायची थांबले. साहेब मागे उभे होते. त्यांनी दुसरं यंत्र कानाला लावून ऐकलं होतं आणि नेमक्या तीनच गोष्टी त्यांना कळल्या होत्या. त्यांचा चेहरा असा उजळला की जणू इतक्या दिवसांची तपश्चर्या फळाला आली.

"सुपारी," ते म्हणाले. "कुणाला सांगू नको. काढून टाकू. लिहा, बाई, लिहा. शब्द न शब्द लिहा."

"साहेब, ते तसं नाहीये."

"सुपारी म्हणजे काय ते मला शिकवू नका. मी पंचवीस वर्षं या खात्यात आहे. त्या सुनावणीतल्या अधिकाऱ्याला संरक्षण द्यावं लागेल." हवालदारांनी फोन उचललाही.

आता मला दोनच वाटा दिसत होत्या. गप्प राहावं तर संध्याकाळपर्यंत तिच्या दारात पोलीस, पोरीचं लग्न ठरलेल्या घरात. सांगावं तर जे तिनं नवऱ्याला सांगितलं नाही, ते दोन परक्या पुरुषांना मी सांगायचं. मी सांगितलं.

"तिच्या छातीत गाठ आहे, साहेब. सुपारीएवढी. ती ऑपरेशनबद्दल बोलतेय."

हवालदारांनी फोन खाली ठेवला आणि भिंतीकडे बघितलं. त्यांना निदान लाज तरी वाटली, असं तेव्हा मला वाटलं. साहेबांचा चेहरा पडला. एवढा मोठा कट हातचा गेला होता. ते खुर्चीत बसले. मग पुन्हा त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं.

"घरी कुणाला माहीत नाही, म्हणता?"

"नाही."

"मुलीच्या सासरी?"

माझ्या उत्तराची त्यांना गरजही नव्हती. त्यांनी माझ्यासमोरचा कागद ओढून घेतला आणि समासात सुंदर अक्षरात लिहिलं, 'उपयुक्त माहिती.'

चार दिवसांनी हवालदार साध्या कपड्यांत बोईसरच्या बाजारात गेले. परत आल्यावर साहेबांना सांगत होते, तेव्हा मी शेजारच्याच टेबलावर होते. त्यांनी तिच्याकडून पापलेट घेतलं, निवडून घेतलं, आणि निघताना म्हणाले, "मावशी, गाठ अंगावर काढू नये. पोरीच्या सासरी कुणी कळवलं तर उगाच लग्नाला खोट यायची. जरा घरी बसा. मीटिंगा करायला गावात दुसऱ्या बायका नाहीत का?"

"काय म्हणाली?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही. कोयता हातात होता, तो खाली ठेवला."

ते दोघं हसले.

त्याच दिवशीचा तिचा कॉल दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या कानात आला. तिनं बहिणीला फोन केला होता. "मी तुलाच बोलली होती," ती म्हणाली. "आख्ख्या जगात एकट्या तुला. कोनाला विकलंस मना?" बहीण आधी गोंधळली, मग शपथा घ्यायला लागली, मग रडायला लागली. ही शिव्या देत होती आणि देता देता हीपण रडायला लागली. शेवटी म्हणाली, "तू मना मेलीस." आणि फोन बंद झाला.

मी सगळं लिहिलं. सवयीनं कंसात 'दोघी रडतात' असंही लिहिलं. मग ते वाचलं, आणि मला स्वतःची अशी किळस आली की मी यंत्र काढून टेबलावर आपटलं. साहेब म्हणाले, "हळू, सरकारी आहे."

तिथे मी काहीतरी बोलायला हवं होतं. एखादं वाक्य तरी. पण मी कानाला संसर्ग झाल्याचा डॉक्टरचा दाखला दिला आणि सुटले. साहेबांनी काळजीनं सांगितलं, कानात पाणी जाऊ देऊ नका. माझं शौर्य एवढंच.

चार दिवस मी घरात नुसती वावरले. पाचव्या दिवशी दुपारी तिच्या घरी गेले. ती अंगणात बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. मला बघून म्हणाली, "या बाई, तुमी इकडं कुठं? सुट्टी हाय ना?"

मी उभ्यानंच सांगितलं. पत्र, फ्लॅट, यंत्र, बोंबील, उमरोळीची हळद, सुपारी, सगळं. हातातला बोंबील तसाच हातात. माझं संपल्यावर तिनं विचारलं, "म्हंजे माजी बहीन नव्हती?"

"नाही. मी होते."

तिनं बोंबील बांबूवर नीट अडकवला. मी तिला अठरा वर्षं तू म्हणत आले होते आणि ती मला तुमी. तेव्हा तिनं मला पहिल्यांदा तू म्हटलं.

"तू माझ्या पोरीला शिकवलंस."

"हो."

"मग आता ऐक. मी तिला फोन करनार नाय. तू जायचं. तुझ्या तोंडानं सांगायचं. आजच."

मी त्याच पायांनी निघाले आणि दोन गाड्या बदलून संध्याकाळच्या आत तिच्या बहिणीच्या दारात पोचले. बहीण धाकटी, बारीक, डोळे सुजलेले. ती जाळं विणत बसली होती. मी पुन्हा तेच सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं, पण उलट झालं. तिनं रागावून काही म्हटलं नाही. तिला काहीतरी वेगळंच विचारायचं होतं.

"आमी रडलो ते पन ऐकलं?"

"ऐकलं."

"त्ये पन लिवलं?"

"लिहिलं. कंसात."

"कंसात म्हंजे?"

मी हवेत बोटानं कंस काढून दाखवला. अठरा वर्षं फळ्यावर काढत आले होते, तसाच. ती माझ्या बोटाकडे बघत राहिली. मग आत गेली, लुगडं बदलून आली, घराला कडी घातली आणि माझ्याबरोबर स्टॅण्डपर्यंत चालत आली. आम्ही एकाच एसटीनं आलो, पण ती माझ्या शेजारी बसली नाही. पुढच्या बाकावर बसली. कोळीवाड्याच्या फाट्यावर उतरून ती बहिणीच्या घराकडे पळत गेली. मी तिच्यामागे गेले नाही. माझं तिथे काही काम उरलं नव्हतं.

पुढचं मी बाहेरूनच बघितलं. आठवड्यानं गावात प्रकल्पाची सभा होती, शाळेच्याच मैदानावर. मी मागे पाण्याच्या टाकीपाशी उभी होते. साध्या कपड्यांतले हवालदार बाजूला मोबाईल उंच धरून चित्रण करत होते. तिनं त्यांना ओळखलं. माईक घेतला आणि त्यांच्याकडेच तोंड करून बोलली.

"मना गाठ हाय. हितं, छातीत. माझ्या नवऱ्याला म्हाईत नव्हतं, पोरीला म्हाईत नव्हतं. सरकारला म्हाईत होतं. त्या मोबाईलवाल्याला म्हाईत होतं. काल मी माझ्या व्याह्यांच्या घरी जाऊन सांगून आली. लगीन करायचं तर करा, नाय तर नका. आता सगळ्यांना म्हाईत झालं. आता तुमच्याकडं माझं काय उरलं, त्ये सांगा."

हवालदारांनी मोबाईल खाली केला.

"नि ऐकनाऱ्यात ही आपल्या शाळेची बाईपन होती," ती म्हणाली. "ती उभी हाय टाकीपाशी. तिनंच येऊन सांगितलं, त्ये पन सांगते."

माना माझ्याकडे वळल्या. ज्यांना मी बाराखडी शिकवली त्यांच्या, त्यांच्या आयांच्या. मला पळून जावंसं वाटलं. पाय हलले नाहीत, म्हणून उभी राहिले. त्यात धैर्य वगैरे काही नव्हतं.

शाळा उघडली तेव्हा मला खुलासा मागणारं पत्र आलं. गोपनीय कामकाजाची माहिती बाहेर का दिली, असा प्रश्न. एव्हाना भ्यायला माझ्याकडे फारसं काही उरलं नव्हतं. मी उलट टपाली लिहिलं, असं कुठलं कामकाज, कुणाच्या आदेशानं आणि कुठल्या कार्यालयात चालू होतं हे मला आधी लेखी कळवावं, म्हणजे खुलासा करणं सोपं जाईल. त्याला आजतागायत उत्तर नाही. जे चाललंय त्याचं नावही कागदावर घ्यायची यांची छाती नाही. बायकांच्या छातीतल्या गाठी मात्र फायलीत लावतात. साहेबांना बढती मिळाली असं ऐकलं. मिळणारच. त्यांनी हळदीची हालचाल वेळीच रोखली होती.

तिचं ऑपरेशन पावसात झालं. एक बाजू काढली. नंतरच्या औषधांनी केस गेले. बहीण तिच्याकडे येऊन राहिली होती. व्याह्यांनी आधी 'बघू' म्हटलं, गणपतीपर्यंत नुसतं 'बघू'च चाललं, मग मुलगाच 'करीन तर हिच्याशीच' म्हणून अडून बसला आणि दिवाळीनंतर लग्न लागलं. मला बोलावणं नव्हतं. त्या दिवशी मी शाळेत होते. कोळीवाड्यातून वाजंत्री ऐकू आली तशी वर्गातल्या मुली खिडकीकडे धावल्या आणि मी त्यांना बसवलं नाही.

प्रकल्पाचं अजून काही ठरलेलं नाही. कोळीवाड्यातल्या बायका मात्र आता फोन लावला की आधी ऐकणाऱ्याला एक कचकचीत शिवी घालतात आणि मग बोलायला लागतात. मी येताना दिसले की फाटकापाशी उभ्या असलेल्या आया बोलायच्या थांबतात. मी आत गेले की पुन्हा सुरू करतात. बदली मागायचा विचार मनात आला होता. मागितली नाही. दुसऱ्या गावात जाऊन चांगली बाई म्हणून मिरवायचं, एवढंच उरलं असतं.

परवा बोईसरच्या बाजारात ती पुन्हा बसलेली दिसली. डोक्याला रुमाल, केस बोटभर आलेले, वजन उतरलेलं. कोयता तसाच चालत होता. मी आधी पुढे गेले, मग मागे आले. तिनं न विचारता बांगडे निवडून ठेवले, नेहमी ठेवायची तसे.

"कशी आहेस?" मी विचारलं.

तिनं मान वर केली नाही. "फोन ऐक, कळंल."

शेजारच्या दोघी खळखळून हसल्या. तिनं बांगडे साफ केले, पिशवीत घातले आणि पिशवी माझ्या हातात न देता पाटीच्या कडेवर ठेवली. मी ती उचलली. मागे दुसरं गिऱ्हाईक उभं होतं, त्याला वाट करून दिली.